सर्जेरावचा नारिंगी कोट

आमच्या पुंडलिकनगरातून बर्फावर घसरायला गेलेली पहिली पोरगी माझी आहे. दुसरी कुणी गेली असेल तर तिच्या आईनं येऊन सांगावं, मी चहा पाजीन. अजून तरी कुणी आलेली नाही.

पोरीचं नाव संस्कृती. नववीत आहे. चौथीत असल्यापासून पायाला चाकं लावून फिरते. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात संघपाल सर तिला स्केटिंग शिकवतात. पडून पडून गुडघ्यांची सालं निघाली, पण पडली म्हणून घरी येऊन रडली असं कधी झालं नाही. रडायची ती सराव बुडला तरच. अशी पोरगी पोटी आली म्हणून मी देवाला हात जोडते आणि तिच्या पँटींचे गुडघे शिवत बसते.

दिवाळी झाली आणि संघपाल सर स्वतः घरी आले. हिमाचलात शाळकरी मुलांसाठी स्कीइंगचं शिबिर आहे, म्हणाले. चाकांवर ज्यांचा तोल चांगला अशी मुलं घेतात, आणि आपल्या शहरातून संस्कृतीचं नाव लागलंय. स्कीइंग म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. सरांनी मोबाइलवर दाखवलं. पांढऱ्याशुभ्र डोंगरावरून माणसं पायाला लांब पट्ट्या बांधून सुसाट खाली येत होती आणि ब्रेक कुठंच दिसत नव्हता.

"ही अशी येणार?" मी विचारलं.

"शिकल्यावर येणार, ताई."

"मग येईल," मी म्हणाले. आतल्या खोलीत पोरगी दाराआड उभी होती, तिनं तोंडावर हात दाबून उड्या मारल्याचं मला आरशात दिसलं.

फी, प्रवास, राहणं, जेवण सगळं शिबिरवाल्यांकडं होतं. स्की, त्यांचे बूट, काठ्या, हेल्मेटही तिकडंच मिळणार होतं. "अंगावरचे कपडे तेवढे आपले," सर सहज म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मी लगेच मोबाइलवर ते कपडे बघितले. एका जॅकेटची किंमत बघितली, मग पँटची बघितली आणि मोबाइल मशीनवर पालथा ठेवला. मी घरी फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. तेवढ्या पैशांसाठी जितकी ब्लाऊजं शिवावी लागली असती तितक्या बायका आमच्या गल्लीत नाहीत.

त्यातच शिबिराच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. पुण्याच्या मुलांनी नव्या कपड्यांतले फोटो टाकले. आकाशी, पांढरी, फिकट निळी जॅकेटं, डोळ्यांवर इंद्रधनुषी काचेचे गॉगल. पोरगी फोटो बघून नुसती "भारी आहे" म्हणाली आणि अभ्यासाला बसली. तिनं हट्ट केला असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती गप्प बसली, तेच मला लागलं. त्या क्षणी मी ठरवलं, माझ्या पोरीला तिकडं कपड्यांवरून कुणी हसायचं नाही. काय वाटेल ते होवो.

संघपाल सर म्हणाले, तिकडं पायथ्याशी भाड्यानं कपडे मिळतात. मी म्हटलं, नको. आधीच्यानं घामानं भिजवलेलं, मापाला न बसणारं, उरलंसुरलं माझ्या लेकीच्या वाट्याला कशाला? सर म्हणाले, "ताई, तुमची मर्जी." मास्तर माणूस, मला ओळखून आहे.

तेव्हा माझा नवरा पहिल्यांदा बोलला. "माझा जुना कोट हाय की."

इथं नवऱ्याविषयी सांगायला हवं. नाव सर्जेराव. वाळूजकडच्या एका थंड गोदामात कामाला आहे. आइस्क्रीम, वाटाणे, मासे असला माल तिथं साठवतात आणि आत उणे पंचवीस असतं. मे महिन्यात सगळं शहर कूलरपुढं बसलेलं असताना हा माणूस पिशवीत लोकरी टोपी आणि जाड मोजे भरून कामाला निघतो. समोरच्या लक्ष्मीबाई दरवर्षी न चुकता विचारतात, "मोनिका, तुझ्या नवऱ्याला हिवताप हाय का गं?" आणि दरवर्षी स्वतःच हसतात. तो काही बोलत नाही. तो कुणालाच काही बोलत नाही, ते सगळं काम माझ्याकडं आहे.

गोदामात त्यांना आत जायला खास कपडे देतात, जाडजूड भरलेला कोट आणि छातीपर्यंत येणारी पँट. भडक नारिंगी रंग आणि दंडावर, पाठीवर चमकणाऱ्या रुपेरी पट्ट्या, म्हणजे आतल्या धुक्यात माणूस दिसावा. यंदा दिवाळीत नवे कपडे मिळाले आणि जुने घरी न्यायची परवानगीही मिळाली. तो जोड पोटमाळ्यावर पडून होता.

"गोदामात पेट्या उचलायचा कोट घालून पाठवू पोरीला?" माझा पारा चढला. "तिकडं इंद्रधनुषी गॉगलवाली पोरं असतील, आणि ही त्यांच्यात हमालासारखी?"

"हमालाला थंडी वाजत नाय त्याच्यात," तो म्हणाला. "लई गरम हाय."

संस्कृतीनं तोवर पोटमाळ्यावरून कोट खाली ओढला होता आणि अंगात घातलाही होता. बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या आणि कोट गुडघ्यांपर्यंत आला होता. डाव्या छातीवर पांढऱ्या दोऱ्यात नाव भरलेलं होतं, सर्जेराव. ते मीच भरलं होतं, साखळी टाक्यानं, आमचं लग्न नवं असताना. गोदामात एकमेकांचे कोट बदली व्हायचे आणि हा माणूस भिडेखातर दुसऱ्याचा आखूड कोट घालून दिवसभर काम करायचा. आता तो दोरा मळून पिवळट झाला होता, नारिंगीवर धड वाचताही येत नव्हता.

"मम्मी, यात मी दोन वेळा मावेन," पोरगी म्हणाली आणि घरभर ठुमकत फिरली. तिचं हसू बघून माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी ठेवून दिला, पुढं लागला.

फुलंब्रीहून सासूबाईंनी निरोप मिळताच एक बंडी शिवून पाठवली. साळूबाई त्यांचं नाव. घरच्या शेतातला कापूस ठासून भरलेली बंडी होती. "आपल्या कापसाच्या पुढं बर्फ काय टिकतोय," असं त्या फोनवर ठणकावून म्हणाल्या. मलाही ते पटलं. आमचा मुलूखच कापसाचा. जेवढं जाड तेवढं ऊबदार, हेच आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

सर्जेराव म्हणाला, आधी परीक्षा घेऊ. आमच्या भागात थंडी बघायची तर पहाटे म्हैसमाळला जायचं. डोंगरावर वारा असतो. रविवारी उजाडताना आम्ही गाडीवर तिघं निघालो. वाटेत पडेगावला हबीबभाई आपल्या गाडीवर येऊन मिळाले. हबीबभाई म्हणजे सर्जेरावचे गोदामातले जोडीदार. थंड खोलीत एकट्यानं जायचं नाही असा तिथला नियम आहे. दोघांनी जायचं, दोघांनी यायचं. त्यामुळं माझ्या नवऱ्याचा जीव गेली कित्येक वर्षं हबीबभाईंच्या हातात आहे आणि त्यांचा याच्या हातात.

खुलताबाद मागं टाकून आम्ही वर पोचलो तर वारा अंगाला झोंबत होता. पोरीला आत आजीची बंडी, वर तो नारिंगी कोट आणि खाली ती पँट घातली. जत्रेतल्या फुग्यासारखी दिसत होती. सर्जेरावनं समोरचा चढ दाखवला.

"पळ. वर जाऊन ये. मग पुन्हा जा."

पोरगी पळाली. पहिल्यांदा हसत आली, नंतर लालबुंद होऊन आली. तिसऱ्यांदा आली ती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत. मला वाटलं, झालं, थंडी पळाली, पास! सर्जेरावनं तिच्या मागं जाऊन कॉलरमधून हात घातला आणि मानेखाली पाठीवर तळवा टेकवला.

"नापास," तो म्हणाला.

"का?" मी कडाडले. "घाम फुटलाय पोरीला, अजून किती गरम पाहिजे?"

"घाम फुटला म्हणूनच नापास."

हबीबभाईंनी समजावून सांगितलं. "भाभी, अंदर हमारा एकच उसूल है. पीठ गीली तो आदमी बाहर. गीला बनियन ठंडी में बरफ हो जाता. हम लोगां एक-दूसरे की गर्दन में हात डालके देखते. ये मेरी देखता, मैं इसकी." माल मोजत उभं राहणारे जाड घालतात आणि पेट्या हलवणारे पातळ घालतात, असंही त्यांनी सांगितलं. पोरगी बर्फावर उभी थोडीच राहणार होती? ती दिवसभर पडणार, उठणार, चढणार. सर्जेरावनं बंडी पिळून दाखवली नाही एवढंच. कापूस घाम पिऊन गच्च झाला होता आणि आता गार पडत होता. पोरीचे दात वाजायला लागले तेव्हा हबीबभाईंनी आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली.

मी सासूबाईंची बंडी पिशवीत कोंबली. त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

घरी येऊन मी कात्री घेतली. कोटाचं अस्तर उसवलं, आतलं सगळं भरण काढून टाकलं. राहिला नुसता वरचा नारिंगी पापुद्रा, वारा आणि पाणी अडवणारा. मग तो पोरीच्या मापाला आणला. बाह्या आखूड केल्या, मनगटाला आत इलास्टिक घातलं, पँटच्या पायाला आतून एक घट्ट पट्टा लावला म्हणजे बर्फ आत शिरायला नको. दरवर्षी थंडीत तिबेटी बायका आमच्या शहरात स्वेटर विकायला बसतात. त्यांच्याकडून एक मऊ फ्लीसचा स्वेटर आणि अंगाला चिकटून बसणारे पातळ थर्मल घासाघीस करून आणले. सुती काहीही नाही, अगदी मोजेसुद्धा नाहीत. हबीबभाईंनी स्वतःला मिळालेले नवे कोरे हातमोजे आणून दिले. "मैं पुराने में काम चला लूंगा," म्हणाले. "बच्ची की उंगलियां सलामत रहनी चाहिये." गॉगल तेवढा मोटरसायकलवाल्यांचा घेतला, पडेगावच्या रस्त्यावर हेल्मेटं मांडून बसतात तिथून. काच पिवळी होती, पण डोळ्यांवर घट्ट बसायचा आणि कडेनं वारा येऊ द्यायचा नाही.

पुन्हा एकदा म्हैसमाळ केलं. पोरगी तोच चढ हरणासारखी चढली-उतरली. सर्जेरावनं मानेखाली हात घातला, थोडा वेळ ठेवला.

"कोरडी," तो म्हणाला आणि चक्क हसला. हबीबभाईंनी पोरीच्या पाठीवर अशी थाप मारली की ती दोन पावलं पुढं गेली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढून ती आकाशी जॅकेटं हलत नव्हती. कपडे ऊबदार झाले होते, मापाला बसले होते, शिलाई तर अशी की दुकानात टांगावी. पण रंग? रंग गोदामाचाच होता.

साड्यांना मॅचिंग फॉल लागतो तेव्हा मी पांढरा फॉल घरीच रंगवते. रंगाच्या पुड्या, मीठ, मोठं पातेलं सगळं घरात असतंच. सर्जेराव कामावर आणि पोरगी शाळेत असताना मी गडद निळा रंग कालवला, काळ्याकडं झुकणारा. मनात पक्कं होतं, कोट निळा झाला की पट्ट्यासुद्धा फॅशन वाटतील. छातीवरचं नाव उसवायचा विचार आला होता. पण उसवलं की सुईची भोकं राहतात आणि भोकांतून पाणी शिरतं. म्हटलं, राहू दे, निळ्यात निळं बुडून जाईल, कुणाला दिसणारही नाही.

रंग सुताला चढतो, असल्या गुळगुळीत कापडाला चढत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, जरा जास्त उकळलं, मूठभर मीठ जास्त टाकलं तर झक मारत चढेल. मी लाटण्यानं कोट दाबत उभी राहिले. बाहेर काढला, नळाखाली धरला आणि सगळा रंग सळसळत मोरीत वाहून गेला. खाली पुन्हा तोच नारिंगी! उलट पहिल्यापेक्षा उजळ, वर्षांचा मळ निघालेला. रंग चढला फक्त एका जागी. नाव सुती दोऱ्याचं होतं. त्यानं पातेल्यातला रंग पिऊन घेतला होता. आधी जे वाचताही येत नव्हतं ते आता भडक नारिंगीवर काळंकुट्ट उठून आलं होतं. सर्जेराव. रस्त्याच्या पलीकडून लक्ष्मीबाईंनी चष्मा न लावता वाचलं असतं.

मी मोरीतच बसले आणि रडले. हात कोपरापर्यंत निळे झाले होते, त्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते. संस्कृती शाळेतून आली, तिनं दोरीवरचा कोट बघितला, माझे हात बघितले आणि पोट धरून हसायला लागली. मला इतका राग आला की तिच्या अंगावर ओला फडका फेकून मारला. तिनं तो झेलला आणि त्याच फडक्यानं माझे डोळे पुसले.

सर्जेराव आला. चपला काढता काढता दोरीकडं त्याची नजर गेली. एक चप्पल पायातच राहिली. त्याला गोदामात नावानं कुणी हाक मारत नाही. तिथं दारांना नंबर आहेत आणि दाराचा नंबर तोच माणसाचा. "ए दोन नंबर" म्हणतात. ते नाव इतकी वर्षं आतल्या धुक्यातच वावरलं होतं, हबीबभाईंशिवाय ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

"झाकून टाक," तो म्हणाला.

"काय?"

"नाव. वरून काहीतरी लाव. पोरगी तिथं सोताच्या नावानं गेली पाह्यजे. माझं कशाला मिरवायचं?" आणि हात-पाय धुवायला गेला.

मला खरं तर तेच हवं होतं, तरी त्याच्या तोंडून ते ऐकवेना. मी काळ्या कापडाचा चौकोन कापला. शिवला तर पुन्हा भोकं पडणार, म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणलं आणि कापड नावावर चिकटवलं. त्यावर संस्कृतीचं नाव तरी लिहावं असं वाटलं, पण हात चालेना. काळा चौकोन तसाच कोरा राहिला. पोरगी ते सगळं बघत होती.

सचखंड एक्स्प्रेसला बसवायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. संघपाल सर आणि आणखी दोन मुलं सोबत होती. मी डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर सूचना दिल्या. सर्जेरावनं एकच केलं. गाडी हलायच्या आधी खिडकीतून हात घातला, पोरीच्या कॉलरमध्ये सरकवला आणि मानेखाली टेकवला. साध्या टी-शर्टात होती ती, बघायचं काही नव्हतंच.

"पाठ कोरडी ठेव," तो म्हणाला.

"हो पप्पा."

गाडी गेली तरी त्याचा हात तसाच अर्धा वर राहिला होता.

शिबिरात मोबाइल जमा करून घेतात, त्यामुळं फोन क्वचितच यायचा. आला की नेटवर्क तुटायचं. "मजा येतेय" आणि "पाठ कोरडी आहे" एवढंच कळायचं. बापाला तेवढं पुरायचं. मला पुरत नव्हतं. मला विचारायचं होतं, कुणी हसलं का? पण ते फोनवर विचारता येत नाही. विचारलं आणि हो म्हणाली तर इथं बसून मी काय करणार होते?

शिबिराच्या शेवटाला एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. सर्जेराव आणि हबीबभाई सकाळची पाळी करून नुकतेच आले होते आणि चहा घेत होते. मी मोबाइल मशीनच्या डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर आधी नुसतं पांढरं दिसलं, मग पोरगी आली. नाक भाजलेलं, ओठ फुटलेले आणि चेहऱ्यावर इतकं ऊन की घर उजळलं. मागं डोंगर होता, मोबाइलवर बघितला होता तसलाच.

पण माझी नजर गेली ती छातीवर. काळा चौकोन नव्हता. नाव होतं, ठसठशीत.

"कापड कुठंय गं?"

"निघालं."

"निघालं की काढलंस?"

"रेल्वेतच काढलं, मम्मी. सोल्युशन होतं, शिलाई नव्हती. सोपं होतं."

मी सर्जेरावकडं बघितलं. तो कपात बघत होता. शेवटी मी विचारलंच, "कुणी हसलं का तुला?"

"पहिल्या दिवशी एकानं विचारलं, हे काय लिहिलंय. मी म्हटलं, माझ्या पप्पांचं नाव. ते रोज उणे पंचवीसमध्ये काम करतात, हा त्यांचा कोट आहे. तो थोडा हसला. मग आम्हाला स्कीइंग शिकवणाऱ्या ठाकूर सरांनी कोट चाचपून बघितला, मनगटाचं इलास्टिक ओढून बघितलं आणि म्हणाले, ये तो असली है. तेव्हापासून ते मला सर्जेरावच म्हणतात. सगळेच म्हणतात."

"सगळे?" हबीबभाईंनी कप खाली ठेवला.

"हो चाचा! आणि परवा काय झालं ऐका ना. आम्ही वर होतो आणि एकदम बर्फ पडायला लागला. पुढचं माणूस दिसेना. सगळ्यांची जॅकेटं पांढरी, निळी, बर्फात गुडूप. ठाकूर सर पुढं होते. ते ओरडले, सर्जेराव मेरे पीछे, बाकी सब सर्जेराव के पीछे, ऑरेंज को छोड़ना नहीं. मी सरांच्या मागं, आणि बाकीचे सगळे ओळीनं माझ्या मागं. हळूहळू वळणं घेत खाली आलो. एकही हरवला नाही. मी एकदाही पडले नाही, मम्मी!"

माझी छाती अशी भरून आली की ब्लाऊजचे हूक तुटतात की काय असं वाटलं. ती आकाशी जॅकेटं सगळी माझ्या पोरीच्या मागं होती, आणि मी तोच नारिंगी घालवायला कोट पातेल्यात उकळला होता. मी निळ्या नखांकडं बघितलं. रंग अजून पुरता गेला नव्हता.

"अरे वा रे शेरनी!" हबीबभाई डोळे पुसत म्हणाले. सर्जेराव मात्र मोबाइलजवळ सरकला, त्याला एवढंच विचारायचं होतं.

"पाठ?"

"कोरडी, पप्पा."

तेवढ्यात तिकडं मागून कुणीतरी खणखणीत आवाजात हाक मारली. डोंगरात आवाज घुमला आणि आमच्या खोलीत आला.

"सर्जेराव! चलो, लाइन में आओ!"

"आले सर!" पोरगी वळून ओरडली.

आणि इकडं माझा नवरा कप हातात घेऊन ताडकन उभा राहिला. "आलो, साहेब," म्हणाला.

हबीबभाई हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मीही हसले. पडद्यावर पोरीनं मोबाइल कुणाच्या तरी हातात दिला आणि ती स्की सरळ करत ओळीत जाऊन उभी राहिली, सगळ्यांच्या पुढं. सर्जेराव काही खाली बसला नाही. कॉल तुटेपर्यंत तो तसाच उभा होता, पाठ ताठ करून.